जावयाचं बिनकाट्याचं घड्याळ

आमच्या भागात जावयाला लग्नात घड्याळ आणि अंगठी द्यायची पद्धत. मी दोन्हीला नको म्हटलं होतं. देण्याघेण्याचं लग्न करायचं नाही, असं मी बैठकीत सगळ्यांसमोर बोललो आणि बोलल्यावर मला फार बरं वाटलं. बाकी कुणालाच वाटलं नाही. माझी आई पदर तोंडाला लावून माझ्याकडे रागानं बघत राहिली. सासरे, म्हणजे तेव्हाचे होणारे सासरे, मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत बसले. त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून त्यांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळं गाव आत्या म्हणायचं, पुढं मीही तेच म्हणू लागलो. ती म्हणाली, "आवं पावणं, अंगठी ऱ्हाऊ द्या. पर जावयाचं मनगाट मोकळं ठिवलं तर भावकी आमाला जगू द्यायची न्हाई. एक घड्याळ तेवढं घ्या. तुमच्या पसंतीनं घ्या."

तुमच्या पसंतीनं. या दोन शब्दांवर माझं तत्त्व निम्मं विरघळलं, कारण मला त्या वेळी एक घड्याळ खरोखरच हवं होतं आणि ते कोणतं, हेही जवळजवळ ठरलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. मी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होतो आणि कामावर जाण्याआधी पहाटे पळायचो. मिरजेच्या दिशेनं जायचं आणि परत यायचं. आज लोक पळतात तेव्हा त्याला नाव असतं, कपडे असतात, ग्रुप असतो. तेव्हा एकटा माणूस पळताना दिसला की एक तर तो भरतीची तयारी करतोय, नाहीतर काहीतरी चोरून चाललाय, एवढ्याच दोन शक्यता असायच्या. माझं भरतीचं वय उलटलेलं होतं. त्यामुळे कारखान्यात मला रोज विचारायचे, "काय गड्या, आज कोण मागं लागलं हुतं?" मी हसायचो. पळायला का आवडतं हे सांगता आलं असतं तर पळालोच नसतो, सांगतच बसलो असतो.

माझी अडचण एकच होती. मी जोरात पळतोय की रमतगमत, हे मला कळायचं नाही. हातावर वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ असायचं. निघताना मिनिटकाटा कुठं होता हे परत येईपर्यंत मी विसरायचो, आणि अंधारात काटे दिसायचे नाहीत ते वेगळंच. आता माझ्या हातात जे घड्याळ आहे ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतं, की बाबा, तू इतकं अंतर आलास आणि इतका वेळ घेतलास, आणि वर थोडी विश्रांती घे म्हणतं. तेव्हा अंतर मोजायचं काम रस्त्याकडेच्या सरकारी दगडांकडे होतं. दगड आपलं काम चोख करत होते. फक्त एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मला किती वेळ लागतो, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं.

म्हणून महिनाभर मी सांगलीतली घड्याळांची दुकानं पालथी घातली. एवढ्या चौकशा मी मुलगी बघताना केल्या नव्हत्या. शेवटी पेठेतल्या एका दुकानाच्या काचेत दोन घड्याळं नक्की केली. एक साधं डिजिटल, स्वस्त, स्टॉपवॉच असलेलं. त्याचा दिवा काजव्याएवढा, आणि पाण्यात चालेल का विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "हात धुताना काढून ठेवायचं." दुसरं काळं, जाडजूड, परदेशी. त्याचा दिवा लावला की सगळा चेहरा हिरवा व्हायचा. घाम, पाऊस, काही चालायचं. आणि मुख्य म्हणजे त्यात लॅप होता. पळता पळता बटण दाबलं की त्या दगडापर्यंतचा वेळ वेगळा लिहून ठेवायचं आणि पुढचा वेळ शून्यापासून मोजायला घ्यायचं. जगातल्या मोठमोठ्या शहरांमध्ये किती वाजलेत हेही ते सांगायचं. न्यूयॉर्कात किती वाजले हे कुपवाडात कळून काय करायचं, हा प्रश्न होताच. पण लॅपबरोबर न्यूयॉर्क घ्यावंच लागत होतं. सुटं मिळत नव्हतं.

किंमत मात्र चांगल्या सोनेरी घड्याळाएवढी. स्वस्तातलं त्याच्या पाव किमतीत येत होतं. देण्याघेण्याच्या विरोधात भाषण ठोकलेल्या माणसानं स्वस्तातलं घ्यावं, हे उघड होतं. मी तीन दिवस स्वतःशी भांडलो. चौथ्या दिवशी पहाटे दगडावरून पळताना मनातल्या मनात एक बटण दाबलं आणि तत्त्व आणि लॅप यांच्या भांडणात लॅप जिंकला.

खरेदीला सासरे आणि आत्या एसटीनं सांगलीला आले. माझी आई होतीच. दुकानदारानं माणसं ओळखून आधी सोनेरी घड्याळ काढलं. सोनेरी साखळी, आकड्यांच्या जागी चमकणारे खडे, हातात घातलं की चावी आपोआप भरणारं. तिघांचे चेहरे उजळले. मी काचेतल्या काळ्या घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि तिघांचे चेहरे मावळले.

सासऱ्यांनी ते हातात घेऊन पट्टा ओढून बघितला. "पावणं, ह्यो रबराचा हाय."

"घाम येतो ना पळताना. चामड्याचा कुजतो," मी म्हणालो.

"तसं न्हवं. आमी सायकलच्या टूबला असलंच ठिगाळ लावतो."

आत्यानं ते डोळ्यांजवळ धरलं. "ह्येचं काटं कुटं हायती?"

"काटे नसतात याला. नुसते आकडे."

"काटं नसल्यालं घड्याळ चालू हाय का बंद पडलंय, मानसानं वळकायचं कसं?" मग तिनं किंमत विचारली आणि ऐकल्यावर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्ये म्हंजे पावण्याला फेटा बांधाय गेलं आन् पावण्यानं लंगोटाला तेवढंच पैसं मागितलं!"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. माझे कान तापले. मग मी जे बोलायला नको ते बोललो. "असं करू, निम्मे पैसे मी घालतो."

"म्हंजे एक काटा तुमचा आन् एक आमचा, व्हय?" आत्या म्हणाली. "पर ह्येला काटंच न्हाईत की!"

आता सगळं दुकान हसलं, मीही हसलो. एकटे सासरे हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "तुमी म्हणशीला त्ये घिऊ. पर गावात ईचारत्याल, जावयाला खेळण्यातलं घड्याळ दिलं व्हय रं? मी एकेकाला किंमत सांगत फिरू का?" त्या माणसाचं खरं होतं. त्याच्या दृष्टीनं घड्याळात वेळ बघायची नसून घड्याळ लोकांनी बघायचं होतं, आणि माझ्या पसंतीच्या घड्याळात नेमकी तीच एक सोय नव्हती. मला वाईट वाटलं. पण घड्याळ मी बदललं नाही. माझा स्वभाव तसा मवाळ आहे, फक्त पळण्याच्या बाबतीत मी बैल आहे. शेवटी आईनं तोडगा काढला, की लग्नात हा झब्ब्याची लांब बाही खाली ओढून घेईल आणि मनगट कुणाला दाखवणार नाही.

एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना आत्या माझ्याजवळ येऊन बसली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुमच्या मनासारखं झालं. आता माजं एक ऐका. घड्याळ कसलं बी आसू द्या, लग्नाला येळंवर या. माज्या लग्नात वऱ्हाड उशिरा आलं, मुहूर्त टळला. म्हातारी मानसं नगं म्हणत हुती, तरी बी अक्षता टाकल्या. वरसात मी म्हायेरी परत आले ती आजपातुर हितंच हाय. मुहूर्तानं काय व्हतं, न्हाई व्हतं, मला ठावं न्हाई. पर ह्या पोरीला मी वाढीवलंय. तिच्या लग्नाला कुणाला काय बोलाय जागा नगं."

मुहूर्तावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आताही नाही. पण मी त्या बाईला शब्द दिला.

लग्न सासऱ्यांच्या गावी, सातारा जिल्ह्यात, पाटणच्या रस्त्यावर. मुहूर्त दुपारी बारा वाजून नऊ मिनिटांचा. आम्ही टेम्पोनं सकाळी लवकर निघालो. कराडला चहा घेऊनसुद्धा तासभर आधी पोचू, असा थोरल्या भावाचा हिशोब होता. पण दिवस ऊसतोडीचे होते. मंडपाच्या थोडं अलीकडे ओढ्यावरच्या अरुंद पुलावर उसाची ट्रॉली आडवी झाली होती. सगळा पूल उसानं भरला होता. अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडे दोन बैलगाड्या, आणि मधे ट्रॉलीवाला डोक्याला हात लावून बसलेला. माणूस उसावरून चढून पलीकडे जाऊ शकला असता, चाक नाही. पलीकडच्या बाजूला एखादी मोटारसायकल असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण नव्हती. आम्ही वाट बघितली. ऊस हलवायला माणसं लागली, पण ऊस संपेना. आई देवाचं नाव घेऊ लागली आणि भाऊ ट्रॉलीवाल्याला शिव्या देऊ लागला.

मी बाही वर करून बघितलं. सव्वीस मिनिटं उरली होती.

"इथून मंडप किती लांब?" मी विचारलं.

"हे काय, हितंच हाय," ट्रॉलीवाला म्हणाला. बैलगाडीवाला म्हणाला, "छ्या, दोन कोस तरी आसंल." आमच्याकडे अंतर विचारलं की माणूस अंतर सांगत नाही, आपल्याला धीर द्यायचा की घाबरवायचं ते ठरवून सांगतो. मी पुलाजवळचा दगड गाठला. पाटण सोळा. आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर त्या रस्त्याचा माहीतगार. तो म्हणाला, "मांडव पाटण बाराच्या दगडाला लागूनच हाय."

चार किलोमीटर. मिरजेच्या रस्त्यावर मला एका दगडाला साधारण पाच मिनिटं लागायची, हे खरेदीच्या दिवसापासूनच हातावर असलेल्या त्या घड्याळानंच मला सांगितलेलं होतं. म्हणजे वीस. म्हणजे जमत होतं. देवाशप्पथ सांगतो, तो हिशोब जमला त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो लग्न ठरल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

"तुम्ही मागनं या," मी भावाला म्हणालो.

"खुळा का काय तू?" भाऊ म्हणाला. पण आई म्हणाली, "पळ. आयुष्यभर उगीच पळलास, आज कामाचं पळ. माझ्यासाठी थांबू नकोस, मुहूर्त गाठ." मी चपला तिच्याकडे दिल्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं, उसावरून पलीकडे उतरलो आणि बटण दाबलं.

माझा फेटा बांधलेला, मुंडावळ्या कपाळावर. त्या मधे येत होत्या म्हणून कानांमागं टाकल्या. रानात ऊस तोडणाऱ्या बायका कोयते खाली ठेवून उभ्या राहिल्या. समोरून एकजण दुधाच्या किटल्या लावलेली सायकल घेऊन येत होता. तो ओरडला, "आवं नवरदेव, लगीन नगं वाटतं?" मी ओरडलो, "लग्नालाच चाललोय!" तो सायकल थांबवून हसत बसला.

पंधराचा दगड आला. बटण दाबून बघितलं तर वेळ पाच मिनिटांपेक्षा बराच कमी. ही आनंदाची गोष्ट नव्हती. असाच सुटलो असतो तर तेराच्या दगडाशी तोंडाला फेस आला असता आणि उरलेलं अंतर चालत काढावं लागलं असतं. मी पाय आवरले. नाकानं श्वास, खांदे सैल. डांबर तापलं होतं, तळव्यांना खडी टोचत होती, आणि तरी सगळं बरं चाललं होतं.

चौदाचा दगड मात्र येईना. घड्याळ पाच मिनिटांवर गेलं, मग सहा, मग सात. मी पाय ओढतोय असं मला वाटत नव्हतं, पण घड्याळ तर खोटं बोलत नाही. म्हणजे पाय गेले. धोतरात आणि अनवाणी पळणं मला झेपलं नाही, माझा हिशोब फसला. मला रस पिताना बोलणारी आत्या दिसली. आता काय करणार? थांबून काय उपयोग? मी नुसता पळत राहिलो. वळणावर एकदाचा दगड दिसला, आणि त्यावर लिहिलं होतं, पाटण तेरा.

चौदाचा दगड जागेवर नव्हताच! कुणाच्या तरी दारात धुण्याला लागला असेल. एका दगडाचा म्हणून मी जो वेळ बघत होतो तो दोन दगडांचा होता, आणि दोन दगडांना तो झकास होता. मी रस्त्याच्या मधोमध मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, बहुतेक शिवीच असावी. शेवटचा किलोमीटर मी कसा पळालो ते सांगता यायचं नाही. एवढं आठवतं की दुखायचं थांबलं होतं, लाऊडस्पीकरवरची सनई जवळ येत होती, आणि मला कुणी हरवू शकत नव्हतं. तसं माझ्याबरोबर पळतही कुणी नव्हतं.

मंडपाच्या दारात बँडवाल्यांनी मला बघितलं आणि वाजवायचं सोडून दिलं. कुणीतरी म्हणालं, "नवरदेवाला वाटंत लुटला!" आत्या दारातच उभी होती. नजर रस्त्यावर, हात कमरेवर. किती वेळ उभी होती देव जाणे. मी कमरेत वाकून धापा टाकत म्हणालो, "बाकीची मागनं येतायत. पूल अडलाय. मुहूर्ताला वेळ आहे अजून."

"तुमी सोत्ता पळत आलासा?"

मी मान हलवली.

तिनं माझे पाय बघितले, डांबरानं काळे झालेले आणि एका टाचेला रक्त. तिनं तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं, आणि मग ती गावासमोर, भावकीसमोर, मोठ्यानं रडली. जरा वेळानं डोळे पुसून तिनं माझा हात धरला, झब्ब्याची बाही स्वतः कोपरापर्यंत वर सारली आणि मंडपाकडे वळून ओरडली, "बघून घ्या! आमच्या जावयाचं घड्याळ हाय ह्ये!"

सासरे तिच्यामागं उभे होते. त्यांनी जवळच्या चार माणसांना बोलावलं आणि किंमत सांगायला सुरुवात केली.

भटजींनी घाई केली. माझ्या बाजूचं कुणीच नव्हतं, म्हणून मामा म्हणून माझ्यामागं गावातलाच एक पैलवान उभा राहिला. आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, आईवाचून लग्न लावलं गड्यानं. पण तीच ते सगळ्यांना सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा फुललेला असायचा. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं झाली. शेवटचं सावधान म्हटलं गेलं तेव्हा बारा वाजून नऊच मिनिटं झाली होती. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि मी तिला दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा बघायला गेलो होतो तेव्हा सगळे प्रश्न मोठ्यांनीच विचारले होते. आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

हार घालायला तिनं हात वर केले. माझ्या फेट्यावरून घाम तिच्या हातांवर ठिबकत होता. हार माझ्या गळ्याशी आला तेव्हा ओठ न हलवता तिनं विचारलं, "किती मिनिटं लागली?"

मला आधी कळलंच नाही. आजवर जगातल्या प्रत्येक माणसानं मला विचारलं होतं, कशाला पळतोस. किती मिनिटं लागली, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. तिनं क्षणभर हार तसाच धरून मनात हिशोब केला.

"धोतर नसतं तर आजून कमी झालं असतं," ती म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली. मला हसू फुटलं, मग तिलाही. आम्ही दोघं एकमेकांच्या हारांत तोंड लपवून हसू लागलो, भटजी गंभीर व्हा म्हणू लागले आणि बँड एकदम जोरात सुरू झाला. माझ्या वेळेकडे माझ्याच नजरेनं बघणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं, आणि माझं नशीब बघा, नुकतंच माझं तिच्याशी लग्न लागलं होतं.